सोजरबाईची सून

राणीसावरगावच्या बायनाबाईंवर फिल्म करायचं ठरलं, तेव्हा आपलं पहिलंच मोठं काम इतकं सहज कसं जुळून आलं याचं महेश्वरीला नवल वाटलं होतं. ती पालमची. वडिलांचं, चंद्रप्पांचं, बसस्टँडसमोर किराणा दुकान. लग्नांचे व्हिडिओ काढता काढता ती कॅमेरा शिकली आणि पुण्याच्या राजेश्री मॅडमनी तिला आपल्या माहितीपटांच्या मालिकेत घेतलं. इतिहासात आणि संगीतात ज्यांनी काही घडवलं अशा बायकांवरची मालिका होती ती. मराठवाड्यातली एखादी बाई सुचव म्हटल्यावर महेश्वरीच्या तोंडून बायनाबाईंचंच नाव निघालं.

बायनाबाई मृदंग वाजवायच्या. पंचाहत्तरीला टेकल्या तरी बोटं अजून तशीच कडक. बाईनं मृदंगाला शिवू नये असं मानणाऱ्या काळात त्या गावच्या सप्त्यात मृदंग घेऊन बसल्या होत्या. पुढे त्यांनी गावोगावच्या पोरींना शिकवलं. गंगाखेड, पालमकडच्या कुठल्याही महिला मंडळाचं भजन ऐका, मृदंगावरची बाई बहुतेक त्यांच्याच हाताखालून गेलेली.

थंडीभर महेश्वरी राणीसावरगावला येत-जात राहिली. मृदंगाच्या डाव्या पुडीला कणीक लावताना, ज्वारी पाखडताना, पोरींवर ओरडताना, सगळी बायनाबाई तिनं टिपली. फिल्म जोडून झाली, राजेश्री मॅडमच्या आवाजातलं निवेदन चढलं. आठ मार्चला, महिला दिनी, मालिकेची सुरुवातच या फिल्मनं होणार होती. त्याआधी ज्यांची फिल्म त्यांना दाखवावी म्हणून एका दुपारी महेश्वरी लॅपटॉप घेऊन राणीसावरगावला गेली.

ओसरीत बायनाबाई आणि त्यांचे मालक भुजंगराव शेजारी शेजारी बसले. भुजंगराव ऐंशी ओलांडलेले, मोजकं बोलणारे. पडद्यावर स्वतःचे हात बघून बायनाबाई आधी लाजल्या, मग खूश झाल्या. तेवढ्यात निवेदन आलं: "सासरच्या विरोधाची भिंत फोडून या सुनेनं मृदंगावर हात ठेवला..."

"थांबव ते," बायनाबाई म्हणाल्या.

महेश्वरीनं फिल्म थांबवली. भुजंगराव उठले आणि बाहेर जाऊन लिंबाखाली उभे राहिले.

"काय झालं, आजी?"

"माज्या सासरी कुनी विरोध केला व्हता?"

"तुम्हीच म्हणाला होतात, लोक लय विरोधात होते..."

"लोक म्हनले मी. गाव म्हनले. सासू म्हनले का?"

खरंच, त्या तसं कधी म्हणाल्या नव्हत्या. महेश्वरीनं त्यांच्या सासूबद्दल काही विचारलंच नव्हतं. विचारायची गरजही वाटली नव्हती. सून, सासर आणि एक वाद्य, एवढं म्हटल्यावर पुढचं निवेदन तिच्या हातानं आपोआप लिहून टाकलं होतं.

"माजा बाप पिंगळीचा मृदंगी," बायनाबाई सांगायला लागल्या. "पोरगा न्हवता त्याला, मनून मला शिकवलं. लगीन झालं आन् मृदंग माहेरीच ऱ्हायला. इथं मी काम करता करता धान्याच्या कनगीवर बोटं मारायचे. मला वाटायचं कुनी ऐकत न्हाई. एक दिवस सासू म्हनली, 'बायना, त्या कनगीला भोक पडंल.' मी लय भिले. दुसऱ्या दिवशी ती सकाळीच कुटंतरी गेली. दिवस मावळायला आली, तर मृदंग घिऊन एस.टी.तून उतरायली. पिंगळीला जाऊन मांडीवर आणला व्हता. सोजरबाई नाव तिचं. एक अक्षर येत न्हवतं."

"आणि सप्ता?"

"त्या साली गावचा मृदंगी तापानं पडला. कीर्तन उभं ऱ्हायलेलं, मृदंग न्हाई. सासूनं माजं लेकरू काखंत घेतलं आन् म्हनली, 'ऊठ, बस जाऊन.' मी बसले. अर्धे टाळकरी टाळ ठिवून निगून गेले. मंग तिनं काय करावं? लेकरू ह्यांच्याकडं दिलं, पडलेला टाळ उचलला आन् हुबी ऱ्हायली त्यांच्या जागेवर. तिच्या मागं आनखी चार बाया. ताल चुकायचा बघ तिचा! पन आरती होस्तोर हटली न्हाई." बायनाबाईंना हसू आलं आणि लगेच मावळलं. "आन् तुज्या पिच्चरमदी ती भिंत झाली. ते बघ, बाहीर गेले. आई व्हती त्यांची."

"चूक झाली, आजी," महेश्वरी म्हणाली.

बायनाबाईंनी तिच्याकडे नीट बघितलं. राग ओसरला होता.

"पोरी, तुला कुनी अडवलं व्हतं का?"

हा प्रश्न आजवर तिला असा कुणीच विचारला नव्हता. पालमला सगळ्यांना माहीत होतं आणि म्हणूनच कुणी विचारत नव्हतं. उदगीरला दिलेली, तिथून परत आलेली. लग्नात पुरुषांच्या गर्दीत सून कॅमेरा घेऊन फिरते म्हणून सासूनं कॅमेरा कपाटात कोंडला होता आणि चावी पदराला बांधली होती. नवरा बघत बसला. ती निघाली तेव्हा कॅमेरा तिथंच राहिला. वडिलांनी दुसरा घेऊन दिला, पण त्या कपाटाचं दार अजून तिच्या स्वप्नात यायचं. हे सगळं तिनं सांगितलं.

बायनाबाईंनी पाण्याचा तांब्या तिच्यापुढं सरकवला. "लय वंगाळ केलं त्या बाईनं," त्या म्हणाल्या. "त्याचं कवा तरी तू पिच्चर काड. मी बी येते बघायला. पन तुज्या सासूचं पाप माज्या सासूच्या डोस्क्यावर नगो घालू, माय."

लिंबाखाली जाऊन महेश्वरी भुजंगरावांच्या पाया पडली. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

पालमला पोचताच तिनं राजेश्री मॅडमना फोन लावला. मॅडम ऐकत राहिल्या, मग म्हणाल्या, "अगं, एका वाक्यासाठी? प्रेक्षकाला संघर्ष लागतो."

"संघर्ष आहेच, मॅडम. फक्त तो घरात नव्हता. घरातून तर तिला बळ मिळालं."

"जाहिरात गेलीय. महिला दिन तोंडावर आलाय."

"मग माझी फिल्म त्या दिवशी नका लावू."

असं काम पुन्हा मिळेल की नाही, महेश्वरीला ठाऊक नव्हतं.

"सुरुवातीची जागा जाईल तुझी," मॅडम म्हणाल्या. "ती दुसऱ्या फिल्मला द्यावी लागेल. चालेल?"

"चालेल."

"बरं. नीट करून आण. निवेदन मी पुन्हा वाचते." फोन ठेवताना त्यांचा सूर जरा नरमला. "आधी विचारायला हवं होतं गं आपण."

आता अडचण वेगळीच होती. सोजरबाईचा एकही फोटो नव्हता. ती कशी दाखवायची? महेश्वरीनं हे बोलून दाखवलं, तेव्हा बायनाबाई म्हणाल्या, "त्यात काय? मीच बसते एस.टी.त. मांडीवर मृदंग घिऊन."

तसंच केलं. पिंगळीहून दोघी निघाल्या, परभणीला गाडी बदलली, गंगाखेडला पुन्हा बदलली. बायनाबाई खिडकीशी, मांडीवर कापडात गुंडाळलेला मृदंग. रस्त्याला खड्डे फार. गाडी उडाली की त्या मृदंगाला दोन्ही हातांनी कवटाळायच्या, जसं तान्हं लेकरू. कंडक्टर आला, मृदंगाकडे बघून म्हणाला, "आजी, याचं तिकीट?"

"मांडीवरल्याला तिकीट न्हाई लागत," बायनाबाई म्हणाल्या. सगळी गाडी हसली. महेश्वरी पुढच्या सीटवरून वळून कॅमेरा धरून होती. हसणं विरलं, बायनाबाई बाहेर बघायला लागल्या आणि एकाएकी त्यांचे डोळे भरून आले.

"येवढं लांब," त्या हळूच म्हणाल्या. "मला कळलंच न्हवतं, येवढं लांब हाय ते. हे वझं मांडीवर घिऊन. आन् मी दारातच म्हनले व्हते, 'कशाला आणलं?'"

हे त्यांनी कॅमेऱ्यासाठी म्हटलेलं नव्हतं. महेश्वरीनं नंतर त्यांना विचारलं, "हे ठेवू का, आजी?" त्यांनी थोडा विचार केला आणि मान हलवली. "ऱ्हाऊ दे. खरं हाय."

फिल्म एप्रिलमध्ये आली. महिला दिनाचा गाजावाजा तिच्या वाट्याला आला नाही; मालिकेतल्या इतर फिल्म जितक्या लोकांनी बघितल्या त्याहून ही थोड्या कमी लोकांनी बघितली. पण या भागात ती फोनवरून फोनवर फिरली. मग राणीसावरगावच्या बायकांनी ठरवलं, मंदिराच्या सभामंडपात मोठ्या पडद्यावर लावायची. दिवेलागणीला सगळं गाव जमलं. पुढं बायका, मागं पुरुष. कधीकाळी टाळ ठेवून निघून गेलेल्यांपैकी एकजण हयात होते, तेही काठी टेकत आले आणि खांबाला टेकून बसले. त्यांना कुणी काही बोललं नाही.

बायनाबाई आणि भुजंगराव पहिल्या रांगेत खुर्च्यांवर. एस.टी. आली, खिडकी आली, मांडीवरचा मृदंग आला. मागून मॅडमचा आवाज आला: "हा मृदंग या घरात आणला तो सासूबाईंनी. त्यांचं नाव सोजरबाई."

भुजंगरावांनी टोपी काढली, तोंडाला लावली आणि त्यांचे खांदे हलायला लागले. एवढा म्हातारा माणूस सगळ्या गावादेखत हुंदके देत होता. महेश्वरी भिंतीशी उभी होती. तिला जवळ जावं की नाही कळेना.

"आईचं नाव असं कुनी मोठ्यानं घेतलंच न्हवतं," ते म्हणाले.

पडद्यावर मृदंग वाजायला लागला होता. बायनाबाईंनी तिथून नजर न हलवता त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"घेतलं की आता. गप बसा. मी वाजवायलेय, ऐकू द्या."