शिकंज्यात अडकलेलं अपडेट

मित्रांनो, मी एक जुना फोन आहे. वय साडेपाच वर्षं. तुमच्यात या वयाला बालवाडीत घालतात, आमच्यात अडगळीच्या खणात! पण मला अजून कोणी खणात टाकलेलं नाही, आणि ज्या दिवशी टाकण्याची वेळ आली होती त्या दिवसाची गोष्ट सांगितल्याशिवाय मला आता राहवत नाही.

माझा जन्म एका लखलखीत कारखान्यात झाला. तिथे धुळीचा एक कणही चालत नसे. आणि नशीब बघा, मी पडलो एका सुताराच्या हाती! माझे मालक म्हणजे सगळ्या वस्तीचे मिस्त्री. त्यांच्या कार्यशाळेत भुसा हवेपेक्षा जास्त. पहिल्याच आठवड्यात तो माझ्या कानानाकात गेला, आणि तेव्हापासून माझा आवाज जरा बसकाच आहे.

कामाला मात्र मी वाघ. मिस्त्री मापं कधी लिहून घेत नसत. खिडकीला टेप लावायची आणि टेपेसकट फोटो काढायचा, ही त्यांची पद्धत. दारं, कपाटं, पलंग, सगळ्यांचे आकडे माझ्या पोटात. गिऱ्हाइकं तोंडात बोट घालत. “मिस्त्री, तुमचं माप कधी चुकत नाही हो!” मिस्त्री मिशीत हसत आणि मी खिशात फुगत असे.

एका गोष्टीत मात्र त्यांनी माझी फार आबाळ केली. मला माझ्या कंपनीकडून हवेतून निरोप येत असत, की नवी प्रणाली तयार आहे, बसवून घ्या. तारा नाहीत, दुकानात जाणं नाही, घरबसल्या नवा जन्म! मी आनंदाने पडद्यावर पाटी झळकवायचो आणि मिस्त्री करवत खाली न ठेवताच ‘नंतर’वर अंगठा दाबायचे. त्यांचं म्हणणं एकच, “चालतंय ना? मग चालत्या गाड्याला खीळ कशाला घालायची?”

अशी दोन वर्षं गेली. मग एके दिवशी सकाळी लेकीचा फोन आला.

लेकीला घरात ठकू म्हणतात. तीही सुतारच, पण दोन दिवसांच्या प्रवासाइतक्या लांबच्या गावी. तिने आयुष्यातला पहिला वळणाचा जिना एकटीने उभा केला होता.

“बाबा, तीन वाजता घरमालकीण येणार आहेत, जिना चढून बघायला. त्याआधी तुम्ही बघा ना! कुठेतरी काहीतरी खटकतंय, पण सापडत नाहीये.”

“फोटो पाठव की.”

“फोटोत सगळेच जिने चांगले दिसतात, बाबा.”

मिस्त्रींनी व्हिडिओ कॉल लावला. मी जिवाच्या आकांताने प्रयत्न केला, पण पडद्यावर उमटलं, ‘तुमच्या फोनची प्रणाली फार जुनी आहे. अपडेट केल्याशिवाय कॉल लागणार नाही.’ मालकीणबाईंचा, म्हणजे मिस्त्रींच्या बायकोचा, फोन बटणांचा, त्यात चेहरा दिसायची सोयच नाही. म्हणजे सगळी भिस्त माझ्यावर! मला लाज वाटली आणि त्याहून जास्त हुरूप आला. दोन वर्षं वाट पाहिलेला दिवस अखेर उजाडला होता!

पहिली अडचण जागेची. पोटात टेपेचे दोन हजार सातशे फोटो, नवी प्रणाली मावणार कुठे? मालकीणबाई चष्मा लावून बसल्या.

“ही खिडकी?”

“बसवली.”

“काढते. हे कपाट?”

“बसवलं. अगं, पण ते सागवानी होतं गं!”

“सागवानी असो नाहीतर सोन्याचं, काढते. लेक महत्त्वाची की कपाट?”

फोटो भराभर उडाले आणि मला कितीतरी वर्षांनी मोकळा श्वास घेता आला. शेजारच्या सलूनवाल्याचा स्वतःचा फोन दुरुस्तीला गेला होता, पण त्याने दुकानातलं वायफाय दिलं, मला चार्जिंगला लावलं आणि निरोप थेंबाथेंबाने माझ्या पोटात उतरू लागला. दहा टक्के, तीस टक्के, साठ टक्के! काय सांगू, मला गुदगुल्या होत होत्या.

मित्रांनो, इथे माझं एक गुपित सांगतो. माझ्या पोटात दोन खोल्या आहेत. एकीत जुना मी राहतो आणि दुसरीत नव्या मीची मांडामांड चालते. सगळं नीट लागलं की मी क्षणभर डोळे मिटतो आणि नव्या खोलीत उघडतो. मध्येच काही बिघडलं, तर जुनी खोली शाबूत असते.

निरोप पूर्ण उतरला, नवी खोली लावायचं काम सुरू झालं आणि पडद्यावर सूचना आली, ‘काम चालू असताना फोन बंद करू नका.’ मिस्त्रींना ती फारच पटली. फळ्यांना सरस लावल्यावर ते त्या लोखंडी शिकंज्यात आवळून ठेवतात आणि सरस वाळेपर्यंत कुणाला बोटही लावू देत नाहीत. त्यांनी हाच न्याय मला लावला! दोन्ही बाजूंना मऊ कापड ठेवलं, मला शिकंज्यात उभं केलं आणि आवळलं.

“आता कुणाचा धक्कासुद्धा लागणार नाही,” ते ऐटीत म्हणाले.

पण माझ्या कुशीला चालू-बंद करायचं बटण आहे, आणि शिकंज्याचा जबडा नेमका त्याच्यावर!

खोली लावायचं काम चव्वेचाळीस टक्क्यांवर होतं, तेवढ्यात माझ्या डोळ्यांपुढे अंधार झाला. जागा झालो, कंपनीचं चिन्ह दाखवलं, पुन्हा अंधार. पुन्हा चिन्ह, पुन्हा अंधार. घड्याळात दीड वाजून गेला होता. मिस्त्रींच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला.

“मेला गं हा! आता पोरीला काय सांगू? पहिल्यांदाच तिने काहीतरी मागितलं होतं.”

मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, की अहो, सोडा मला! पण बोलणार कसा? त्यांनी तर घाबरून शिकंजा आणखी एक पीळ आवळला. आगीतून फुफाट्यात!

शेवटी मालकीणबाई वाकून बघू लागल्या. “अहो, त्याचं बटण दाबलं जातंय! गळा धरलाय तुम्ही बिचाऱ्याचा! सोडा आधी!”

शिकंजा सुटला. मी जुन्या खोलीत डोळे उघडले, सगळं जागच्या जागी होतं. आणि अपडेट पुन्हा सुरू झालं! यावेळी मला नुसतं टेबलावर ठेवलं होतं. मिस्त्री हात पाठीमागे बांधून येरझारा घालत होते. सत्तर, नव्वद, शंभर! मी डोळे मिटले आणि नव्या खोलीत जागा झालो. रंग उजळ, चाल चपळ. तीनला अठरा मिनिटं कमी असताना पडद्यावर ठकूचा चेहरा उमटला आणि कार्यशाळेत एकच जल्लोष झाला.

“बोलत बसू नकोस,” मिस्त्री म्हणाले. “पायऱ्या ठोक. एकेक करून, खालून वर.”

त्यांनी मला कानाशी धरलं. टक. टक. टक. नववी पायरी बद्द वाजली.

“थांब! हिच्याखाली पाचर ढिली आहे.”

ठकू जिन्याखाली घुसली. हातोडीचे चार घाव, मग पुन्हा टक. खणखणीत!

तीनला घरमालकीण आल्या. ठकूने मला, म्हणजे तिच्या फोनमधून आम्हा सगळ्यांना, पायथ्याशी उभं करून ठेवलं होतं. त्या वर गेल्या, खाली आल्या, पुन्हा वर गेल्या. जिना कुठेही कुरकुरला नाही. त्या गेल्यावर ठकूने हळूच विचारलं, “बाबा, कसा झालाय?”

मिस्त्री कुणाच्याही कामाला ‘ठीक आहे’ याच्या पुढे कधी गेलेले नाहीत. त्यांनी मला दोन्ही हातांत धरलं. जिन्यावरून खालून वर एकदा नजर फिरवली. मग म्हणाले, “मला असा जमला नसता गं.”

ठकूने कॅमेरा झटकन छताकडे वळवला. पण हुंदका मला ऐकू आला.

मित्रांनो, तुमच्याही घरात माझ्यासारखा एखादा फोन असेल. त्याला थोडी जागा करून द्या, पोटभर चार्जिंग द्या आणि त्याचं काम चालू असताना तासभर निवांत सोडा. आमच्याकडून केव्हा कुठलं काम पडेल, हे कुणालाच आधी कळत नाही. मिस्त्रींनी ते वाक्य आयुष्यात एकदाच उच्चारलं, आणि ते पोचवायला त्या दिवशी मी चालू होतो.