शनिवारचं फुलेल

पौषात वेणूबाई गेली आणि मथुराबाईंच्या डोक्यावरचा हात गेला.

दोघी जावा, वाशीमकडच्या. चाळीस वर्षं दर शनिवारी दोघींचं ठरलेलं. एकीनं पाटावर बसायचं, दुसरीनं मागे बसून टाळूवर फुलेल घालायचं. मोगऱ्याचा वास मुरलेलं तिळाचं तेल ते. वेणूबाई म्हणायची, "आपल्याच हातानं घातलं त नुसतं तेल व माय. दुसऱ्याचा हात लागला का फुलेल."

आता मथुराबाई कोथरूडला, मुलाकडे. योगेश आणि सून उत्कर्षा आठला निघतात, आठला येतात. माणसं चांगली. पण पदराखालची टाळू चार महिने कोरडी होती.

"आई, ऑनलाइन मागवू का? जास्मिन हेअर ऑइल?" उत्कर्षानं विचारलं. बाटली आली. तिला वास होता, पण तो मोगऱ्याच्या फोटोचा वाटला. मग मथुराबाईंनी बाजारातून अत्तर आणून डोक्यावर ओतलं. दोन दिवस डोकं ठणकलं.

म्हणून वैशाखात त्या बसनं शहरातल्या जुन्या पेठेत गेल्या. एका गल्लीत हुस्नबानूंचं अत्तराचं दुकान होतं. नवरा गेल्यापासून गल्ल्यावर त्याच बसायच्या.

"मले फुलेल पायजे."

हुस्नबानूंनी चष्मा वर केला. "काय म्हणालात? पुन्हा म्हणा."

"फुलेल."

"कितीक वर्षांनी ऐकला हा शब्द! लोक येतात, म्हणतात, परफ्यूम दाखवा." अत्तराची हकीकत ऐकून त्या खो खो हसल्या. "अहो, अत्तर कानामागं, फुलेल डोक्यावर! कपाळावर अत्तराच्या कापसाचा फाया ठेवला नाहीत, हेच नशीब."

"तुमच्याकडं हाय का पण?"

"कोण ठेवतं आता? करावं लागेल. येतं?"

येत होतं, पण वेणूबाईसोबत. एकटीनं कधी केलं नव्हतं.

मार्केट यार्डातून मोगरा आला. गॅलरीत धुतलेली चादर पसरली. फुलांचा थर, सोललेल्या तिळांचा थर, वर पुन्हा फुलं. रोज कोमेजलेली वेचायची, ताजी घालायची. सहा दिवस. वेचता वेचता ओठांवर जुनी चाल आली, शब्द मात्र आताचे:

तीळ गं निजविले मोगऱ्याच्या कुशीत
वास गेला दूरदेशी, तेल राहिलं शिशीत

सातव्या दिवशी घाणेवाल्यानं पिशवी उचलून पाहिली. "दोन किलो? आजी, घाण्याच्या दातालासुद्धा लागणार नाही." तरी काढून दिलं.

शिशी भरली. घरात येऊन मथुराबाईंनी बूच उघडलं. तोच वास, तंतोतंत. बोटांवर थेंब घेतला, हात टाळूपर्यंत नेला आणि तिथंच थांबला. थेंब मनगटावरून ओघळला.

उत्कर्षाला सांगावं? ती आली, लॅपटॉप उघडला, कानात यंत्र घातलं. मथुराबाईंनी शिशी पदराखाली घेतली.

शनिवारी त्या पुन्हा दुकानात गेल्या. मनात ठरवलं होतं: लाज सोडून सांगायचं, बाई, एवढं डोक्यावर घाला.

हुस्नबानूंनी बूच हुंगलं आणि डोळे मिटले.

"आमची सुहाना घालायची," त्या म्हणाल्या. "लेक. दुबईला गेली, अकरा वर्षं झाली. फोन करते हो रोज. फोनवरून तेल कसं घालणार?"

मथुराबाईंनी आपलं मागणं बाजूला ठेवलं. त्या उठल्या, गल्ल्यामागं गेल्या, म्हणाल्या, "ओढणी काढा जरा."

विरळ, मेंदी लावलेले केस. टाळूवर फुलेल पडलं तशी हुस्नबानूंची मान हळूहळू पुढं झुकली. बाहेर कुणी विचारलं, "दुकान चालू आहे का?" आतून आवाज आला, "नाही!"

"आता तुम्ही बसा," म्हणेपर्यंत लग्नासाठी अत्तर नेणारं मोठं गिऱ्हाईक आलं, मग दुसरं. शेवटची बस निघायची होती.

"पुढच्या शनिवारी तुमची पाळी," हुस्नबानू दारातून ओरडल्या. "चुकवलीत तर बघा."

बसमध्ये मथुराबाई दोन्ही तळवे मांडीवर उताणे ठेवून बसल्या. वळणावर तोल गेला.

"आजी, दांडी धरा," कंडक्टर म्हणाला. "हाताला मेंदी लावलीय का?"

त्यांनी कोपर अडकवलं. तळवा नाकाशी नेला. टाळू अजून कोरडीच होती. शनिवारला सात दिवस होते.