सासूसमोर भरलेले फॉर्म

"सासू पुढ्यात असली का सून सुखीच राह्यते, बाई. तुह्या कागदाले काय समजते ते?" जऊळका गावच्या सोजरबाई म्हणाल्या, तेव्हा सायली नुसती हसली होती.

मानसशास्त्रात एमए झालेली सायली दीड वर्षाची लेक कडेवर घेऊन प्राध्यापक वीरेंद्र सरांच्या संशोधनासाठी तिथल्या चाळीस बाळंतिणींचे फॉर्म भरत होती. झोप लागते का, रडू येतं का, जगणं नकोसं वाटतं का. चाळीसही जणींनी सासूच्या देखत सगळं छान सांगितलं. तिच्या मैत्रिणीनं, राखीनंसुद्धा.

महिन्याभरानं राखी मेथीच्या वाफ्यात एकटी सापडली. "विहीर दिसली का आत उतरावंसं वाटते वं मले," ती म्हणाली, अन् पुन्हा मेथी उपटू लागली.

सायली सरांकडे धावली. "सर, फॉर्म पुन्हा भरू. एकेकीला बाजूला घेऊन."

"तू टिक कर. निष्कर्ष मी काढतो."

निष्कर्ष निघाला: एकत्र कुटुंबातल्या बाळंतिणी सुखी. तो वाचून संशोधनाला पैसे देणाऱ्या संस्थेनं गावात येणारी समुपदेशक ताई बंद केली.

सायलीनं तेव्हाच दात आवळले. वाशिमला सरांच्या सत्काराच्या सकाळी तिनं त्यांच्या सहा विद्यार्थ्यांना फॉर्म वाटला: सर कसे वागतात? सर शेजारीच बसलेले. सहाही जणांनी लिहिलं, उत्तम. मग चहाच्या टपरीवर तोच फॉर्म, नाव न लिहिता.

मनोगताला माईक हाती येताच तिनं दोन्ही गठ्ठे वर धरले. "सरांसमोर सहा उत्तम. टपरीवर पाच जण लिहितात, सर आमचं काम स्वतःच्या नावानं छापतात. सहावा कोरा फॉर्म टाकून पळाला."

सभागृहात हशा उसळला.

"जऊळक्यात सासू बसली होती, इथं तुम्ही. सर, कोणता गठ्ठा खरा धरू? निष्कर्ष तुम्हीच काढा ना."

सरांचा घाम कॉलरपर्यंत उतरेस्तोवर ती एकटक बघत राहिली. गोड लागलं तिला, खोटं कशाला बोला! संस्थेच्या अध्यक्ष सुकेशनीताईंनी अहवाल तिथंच बाजूला ठेवला. समुपदेशक ताई पुन्हा येणार ठरलं, पण एक तारखेपासून.

त्याला अजून बारा दिवस आहेत. सायली रोज सकाळी वाशिमहून राखीकडे जाऊन येते. आज मात्र लेक तापानं फणफणलीय, अन् राखीचा फोन लागत नाही. म्हणून ती हे वाचणाऱ्या तुम्हालाच विनवतेय: जऊळक्याला उतरणार असाल तर स्टेशनमागच्या मेथीच्या वाफ्यांकडे जाऊन या. राखीच्या शेजारच्या, हिरव्या लुगड्यातल्या सोजरबाईंना सोबत घ्या. राखी दिसली का, बोलली का, तेवढं तिला कळवा.