काठोकाठ भरलेली वाडगी

कुल्पाश छपरावर दह्याचे गोळे वाळत घालत होती, तेव्हा जीप आली. तिची सासू जमाल दारातून ओरडली, "अगं, उतर खाली! पाहुणे आलेत, चहा टाक."

पाहुणे कसले! दर उन्हाळ्यात येणारे ते शहरातले डॉक्टर. पोरांची उंची मोजायची, रक्त काढायचं आणि निघून जायचं. औषध नाही, की आजाराचं नाव नाही. विचारलं तर ठरलेलं उत्तर, गुरांचा ताप. डोंगरापलीकडे सरकार अणुबॉम्ब फोडत होतं आणि अलीकडे आमची माणसं गुरांच्या तापानं मरत होती म्हणे!

आमच्या कझाख माळावर दारी आलेल्याला चहावाचून कुणी सोडत नाही. वाडगीत चहा अर्धाच ओतायचा, पुन्हा पुन्हा ओतायचा, म्हणजे पाहुणा बसून राहतो. जमालनं तशीच अर्धी वाडगी डॉक्टरपुढे ठेवली.

"राहू द्या आजी, आमचं पाणी आहे." डॉक्टरनं आपली बाटली बाजूला ठेवून रौशनचा दंड धरला. कुल्पाशची ही एकुलती एक लेक. हल्ली तिच्या नाकातून सारखं रक्त यायचं.

दरवर्षी हेच व्हायचं. शहरातली माणसं मिजासखोर, म्हणून जमाल सोडून द्यायची. आज मात्र कुल्पाश त्या बाटलीकडे बघत राहिली आणि तिच्या डोक्यात प्रकाश पडला: ही माणसं इथलं पाणीसुद्धा तोंडाला लावत नाहीत.

"सोडा तिला. आधी चहा प्या."

"मला चहा चालत नाही."

"मग दूध घ्या. आमच्या विहिरीचं घोटभर पाणी तरी?"

डॉक्टरनं आपली बाटली पेटीत सरकवली.

"त्या मोठ्या स्फोटाआधी सगळं गाव हलवलंत. मेंढ्यासुद्धा ट्रकात घातल्यात. माझ्या नवऱ्याला मात्र म्हणालात, गाव राखायला थांब. रिकाम्या गावात काय राखायचं होतं हो? तो मरायला टेकला, तेव्हाही तुम्ही त्याचं रक्तच काढत होता!"

"बाई, हे विज्ञानाचं काम आहे. देशासाठी..."

"मग पोरगी बरी करा! नाहीतर तिला काय झालंय ते तरी सांगा."

डॉक्टरनं पेटीतून सुई काढली. तेव्हा जमाल उठली. तिचा मुलगा असाच गेला होता. तिनं ती अर्धी वाडगी काठोकाठ भरली. याचा अर्थ आमच्याकडे शेंबडं पोरही जाणतं: ऊठ आणि चालता हो. उभ्या आयुष्यात तिनं कुणाला असं घालवलं नव्हतं.

"माझी नात आहे ती," जमाल म्हणाली. "तुमच्या प्रयोगाचा उंदीर नाही."

जीप गेली. कुल्पाशनं तो चहा अंगणात ओतून दिला आणि लेकीसाठी दुसरा टाकला. पाणी त्याच विहिरीचं होतं. दुसरं आणणार कुठून?