ओल्या फडक्यातली हलगी

कासारवाडीच्या मैदानावर मे महिन्यात कलेचा मेळावा भरतो, तेव्हा सगळी वसाहत खुर्च्या धरायला धावते. यंदा बायकांच्या लेझीम पथकाला हलगी वाजवणार होत्या सुमनताई. हलगी वडिलांनी शिकवलेली, पण गावाकडं ती वाजली फक्त गोठ्यात, म्हशींपुढं. लग्नानंतर तर माळ्यावरच गेली. आता साठी उलटल्यावर एकदा चार माणसांपुढं वाजवायची, एवढीच हौस होती.

नवरा अर्जुनराव सकाळी म्हणाले, "घरात वाजव की. मैदानात कशाला शोभा?" सुमनताईंनी भाकऱ्या जरा जोरात थापल्या.

दुपारी त्यांनी हलगी मैत्रिणीकडं, नूरबीकडं ठेवली. नूरबीची इस्त्रीची गाडी मैदानाच्या कोपऱ्यावरच. ऊन असं की डांबर चपलेला चिकटत होतं. चामडं तडकेल या काळजीनं नूरबीनं इस्त्रीच्या कपड्यांसारखं हलगीलाही ओलं फडकं गुंडाळलं आणि गाडीखाली गारव्याला ठेवून दिली.

संध्याकाळी सुमनताईंनी फडकं सोडून टिपरू मारलं, तर आवाज पोत्यावर मारल्यासारखा.

"नूरबी, हिला अंघोळ घातलीस का काय?"

"मला वाटलं, उन्हानं फाटंल बिचारी."

"हिला ऊनच लागतं गं. तापली तरच बोलती ही." सुमनताईंना राग आला होता, पण नूरबीचा उतरलेला चेहरा बघून हसूही आलं.

तो आवाज ऐकून मेळाव्याची व्यवस्था बघणारे यशवंतराव आले. "ताई, ह्या पोरांच्या नाचानंतर तुम्हीच. हलगी राहू द्या, मी स्पीकरवर हलगीचं रेकॉर्डिंग लावतो. तुम्ही नुसत्या उभ्या राहा."

"नुसतं उभं ऱ्हायला मी काय खांब हाय व्हय? जरा शेकती, की वाजंल."

"मैदानात जाळ चालत नाही, ताई. वरून तंबी आहे."

नूरबीनं झटकन इस्त्रीचं झाकण उघडलं. आत कोळसे लालभडक. "जाळ कुठंय, भाऊ? ही तर इस्त्री आहे."

यशवंतरावांनी आधी कोळशांकडं पाहिलं, मग दुसरीकडंच.

दोघी उकिडव्या बसल्या. नूरबी कोळशांवर पुठ्ठ्यानं वारा घालत होती, सुमनताई हलगी वर धरून गोल फिरवत होत्या, मधूनच बोटानं टिचकी मारत होत्या. ढप... ढप... आणि मग एकदम टण्ण. लेझीमवाल्या बायकांच्या माना एकदमच वळल्या.

स्टेजवर चढल्या तर दुसरं संकट. कडेला पाण्याचे फवारे उडवणारा मोठा पंखा, तोंड थेट हलगीकडं. सुमनताईंनी हलगी पदराआड धरली आणि पंख्याकडं पाहत घुटमळल्या. खाली खुर्च्यांमधून कुणी तरी म्हणालं, "स्पीकरच लावा, राव."

पहिल्या रांगेतून अर्जुनराव उठले. थेट पंख्यापाशी गेले आणि बटण बंद केलं.

"ओ काका, उकडतंय इथं!"

"मग सदरा काढ. माझी बायको वाजवणार आहे."

सुमनताईंनी पदर खोचला. दुसऱ्याच थापेला बायकांनी लेझिमी उचलल्या, आणि मग सगळं मैदानच हलायला लागलं. घामानं डबडबलेली माणसं रुमालानं वारा घेत होती, पण खुर्ची कुणी सोडली नाही. वेळ संपल्याची खूण यशवंतरावांनी दोनदा केली. सुमनताईंनी ती पाहिली, नूरबीकडं बघून डोळे मिचकावले आणि चाल बदलून नवी लय धरली.

अर्जुनराव पंख्यापाशीच उभे होते, बटणावर हात ठेवून.