दीड टन

नागम्मा तीस वर्षं पत्र्याखाली झोपत आल्या होत्या. चार मेढी आणि वर पत्रा. पडला तर खोक पडेल, जीव जाणार नाही, असं त्यांचं साधं गणित. किल्लारीच्या भूकंपात दगडमातीचं माळवद अंगावर आलं, सासरे गेले, आणि सहा महिन्यांच्या संगप्पाला पोटाशी धरून त्या ढिगाऱ्यातून निघाल्या. पुढं संगप्पानं उदगिरात भुसार दुकान टाकलं, मागं स्लॅबचं घर बांधलं. त्या घरात नागम्मा स्वयंपाक करत, जेवत, सुनेशी भांडतही. पाठ टेकायला मात्र अंगणातल्या पत्र्याखालीच.

यंदाचा मे महिना मात्र कुणाची गय करायला तयार नव्हता. नळाला पंधरवड्यातून एकदा पाणी, तेही करंगळीएवढं. माणसांनाच प्यायला नाही, तिथं कूलरला कोण पाजणार? तो माळ्यावर जाऊन बसला. पत्रा तापून तापून नागम्मांना दोनदा चक्कर आली, तेव्हा डॉक्टरांनी संगप्पाला बजावलं, "त्यांना आत गारव्यात झोपवा. उन्हाळ्याशी खेळू नका."

संगप्पानं मडिवाळप्पाला बोलावलं. मडिवाळप्पाचं एसीचं दुकान. उदगीर जिल्हा व्हायचा तेव्हा होईल, यानं पाटीवर आधीच 'जि. उदगीर' रंगवून घेतलेलं. असा उतावळा माणूस, पण मापाच्या कामात भलता चोख. त्यानं टेप लावून खोली मोजली, पश्चिमेची तापलेली भिंत चाचपली आणि विचारलं, "झोपणारी मानसं किती?"

"तीन," संगप्पा म्हणाला.

"दोन," त्याची बायको रुद्राणी सासूबद्दल म्हणाली. "आत्या आत झोपायला येतच न्हाईत."

"नीट ठरवा की. दोघं असाल तर एक टन बास. तिघं असाल तर ह्या भिंतीपायी दीड लागंल. उगं मोठा घेतला तर फटकन गार करतंय, थांबतंय, पुन्हा सुरू. सारखी उठबस. मशीन लवकर खलास."

दारातून नागम्मांचा आवाज आला. "दीड टन? कुठं लावणार?"

"भिंतीवर, अव्वा. पलंगाच्या वर," संगप्पा आईला म्हणाला.

नागम्मांचा चेहरा उतरला. "येडा झालास का, संगप्पा? टनाटनाचं माळवद एकदा अंगावर घेतलंय मी. आता दीड टन डोक्यावर टांगून घेतोस? आन् तुमी दोघं त्याच्याखाली झोपणार?"

कुणी हसलं नाही. संगप्पाला गलबलून आलं. अव्वा स्वतःच्या जिवाला भिते, असं तो इतकी वर्षं समजत होता. ती तर त्याच्या डोक्यावरचं वजन मोजत होती.

मडिवाळप्पा समजुतीनं म्हणाला, "अव्वा, हे वजनाचं टन न्हाई. एक टन बर्फ दिवसभरात वितळायला जेवढी गरमी लागती, तेवढी हे मशीन घरातनं भाईर काढतंय."

"मग बर्फ कुठं हाय?"

"बर्फ न्हाई ह्यात."

"वजन न्हाई, बर्फ न्हाई, आन् नाव दीड टन! बारसं कुणी केलं रे ह्याचं?"

बोलून भागेना, तेव्हा मडिवाळप्पानं भिंतीवर लागणारं मशीन दुकानातून मागवलं. भुसार दुकानात काटा होताच. त्यावर ठेवलं. अकरा किलो.

"व्यापाऱ्याचा काटा," नागम्मा म्हणाल्या. "मी व्यापाऱ्याची आई हाय. मला नको सांगू."

त्यांनी पदर खोचला, वाकून मशीन उचललं, पोटाशी धरलं आणि तशाच उभ्या राहिल्या. संगप्पा धरायला धावला तर त्याला मानेनंच थांबवलं.

"येवढंच?" त्या म्हणाल्या. "ढिगाऱ्यातनं निघताना तू ह्याच्यापेक्षा जड लागला होतास."

मशीन हळूच खाली ठेवून त्या मडिवाळप्पाकडं वळल्या. "तीन मानसं लिही. दीडच बसव. आन् माझी पथारी त्याच्या बरोब्बर खाली."

रुद्राणी अंगणात गेली आणि पत्र्याखालची वळकटी उचलून घरात घेऊन आली.