म्वेंबा सरांच्या कपाटातला टॅब

मी एक जुना टॅब आहे आणि माझे वय माझ्या चेहऱ्यावरच दिसते. डाव्या कोपऱ्यात तडा गेला आहे, पाठीवर कोणीतरी कंपासच्या टोकाने बेडूक कोरला आहे आणि काचेच्या कडेला न्शिमाचे, म्हणजे मक्याच्या उकडीचे, वाळलेले कण कायमचे मुक्कामाला आले आहेत. मित्रांनो, मला याची मुळीच लाज वाटत नाही. मी अगदी स्वच्छ, चकचकीत होतो तेच माझे वाईट दिवस होते.

माझा जन्म दूरदेशीच्या एका कारखान्यात झाला. तिथले पांढरे दिवे आणि हातमोजे घातलेले हात एवढेच मला आठवतात. मग आम्ही वीस भावंडे जहाजाने आणि ट्रकने झांबियात, ग्वेम्बे खोऱ्यातल्या एका शाळेत आलो. छपरावर सौरपट्टी बसली आणि आमची पोटे उन्हावर भरू लागली. उन्हाला तिथे तोटा नाही.

मुतिंताबाईंच्या वर्गात ऐंशी मुले होती. शिकवून शिकवून बाईंचा घसा बसलेला असे आणि मागच्या बाकांवरच्यांना तर फळाही दिसत नसे. बाईंनी चार-चार मुलांत एक टॅब दिला आणि मुलांनाच फोटो काढायला लावले. कोणी आपली बकरी टिपली, कोणी होडी, कोणी वाळत घातलेली कापेंटा मासळी. प्रत्येक फोटोखाली बाई टोंगा भाषेत शब्द लिहीत. शब्दावर बोट ठेवले की बाईंचाच आवाज येई. अक्षरे बरोबर जुळली की मी ढोल वाजवायचो. चुकली तर मी आपला गप्प राहायचो. मुलांच्या चुकांना हसायला मला कोणी शिकवले नव्हते, आणि ते बरेच झाले.

माझ्या गटात चोल्वे होती. तिला एकाच वर्गात दोनदा बसावे लागले होते. नाव विचारले तरी ती जमिनीकडे बघायची. माझ्यापुढे मात्र ती बिनधास्त चुकायची, पुन्हा करायची आणि ढोल वाजला की खुदकन हसायची. हळूहळू ती ओळीच्या ओळी वाचू लागली. एके दिवशी तर तिने शेजारच्या मुलाला दटावले, "बोट काढ रे! तुला नाही येत, मी लावते." बाई ऐकतच राहिल्या.

आणि नेमकी त्याच आठवड्यात माझ्या एका भावाची काच फुटली. मुख्याध्यापक म्वेंबा सर घाबरले. मित्रांनो, सर वाईट नव्हते. पूर्वीच्या शाळेत सौरपट्टी चोरीला गेली तेव्हा गावाने त्यांच्यावरच संशय घेतला होता. "आता पाहुणे आले की काढू," म्हणत त्यांनी आम्हाला एकेकाला मऊ फडक्याने पुसले आणि ऑफिसातल्या लोखंडी कपाटात बंद केले.

त्या कपाटात भट्टीसारखे तापायचे. काही भावंडांची पोटे फुगली आणि ती पुन्हा उठलीच नाहीत. बाईंनी किती विनवण्या केल्या, पण त्या पडल्या हाताखालच्या. मोठ्या माणसाला तोंडावर कोण बोलणार?

बोलली ती चोल्वेची आत्या, शाळेच्या फाटकाशी गोड भजी विकणारी. सर तरसाच्या कुळाचे, आत्या पाखरांच्या कुळाची, आणि या दोन कुळांत थट्टेचे नाते. थट्टेच्या नात्यात काहीही बोलावे, समोरच्याने रागवायचे नाही. पालकसभा ऑफिसच्या खिडकीबाहेर आंब्याखालीच भरते, म्हणून मला सगळे ऐकू आले.

"काय रे तरसा!" आत्या कडाडली. "हाडं पुरून वर बसून राहायची खोड काही जात नाही तुझी! कपाटात टॅब उबवतोयस होय? पिल्लं कधी निघायची?"

सभा खो-खो हसली.

"अगं पाखरे," सर म्हणाले, "उघड्यावर ठेवलं की टिपायला तुम्हीच पहिल्या येणार!"

"टिपायला दाणे तरी टाक की मेल्या!" आणि मग तिचा आवाज एकदम बदलला. "ही माझी भाची. दोन वर्षं झाली, वाचता येत नाही म्हणून भाऊ तिला सोमवारी शहरात, चोमाला धाडतोय, चुलत्याचं पोर सांभाळायला. मी म्हणते, हिला वाचता येतं. दाखवायचं कशावर? ते तुझ्या कपाटात!"

सर उठून ऑफिसात आले. त्यांनी कुलूप उघडून मला बाहेर काढले. वायर लावल्यावर बऱ्याच वेळाने मी जागा झालो, पण माझा आवाज गेला होता.

चोल्वेने माझ्यावरची बकरीची गोष्ट वाचली. सभेत बसलेल्या तिच्या बाबांनी नकारार्थी मान हलवली. "हे पाठ केलंय तिनं."

"मग तुम्हीच सांगा, मी लिहिते," बाई म्हणाल्या.

बाबा त्यांच्या कानाशी काही बोलले. बाईंचा चेहरा उतरला, तरी त्यांनी ते माझ्यावर लिहिले आणि मला चोल्वेच्या हातात दिले. एरवी ती अडली की मी शब्द सांगायचो. आज माझा घसा बंद होता. इतके असहाय मला कपाटातही वाटले नव्हते.

तिने बोट ठेवले. "चोल्वे... सोमवारी... चोमाला... जाणार."

एक अक्षर चुकले नाही. शेवटच्या शब्दाला तिला रडू फुटले, पण तिने तो पुरता वाचला. बाबा खाली मान घालून टोपीची कड चिवडत राहिले.

मग म्हणाले, "बाई, पुसा ते."

बाईंच्या आधी चोल्वेनेच ते पुसले.

मित्रांनो, त्यानंतर मी कितीदा तरी पडलो, भिजलो, मातीत लोळलो. आमची काळजी जरूर घ्या, हात पुसून हाताळा, उन्हात विसरू नका. पण जपायचे म्हणून आम्हाला कोंडून ठेवू नका. तुमच्याही शाळेत असे एखादे कपाट असेल आणि मागच्या बाकावर कोणीतरी खाली मान घालून बसले असेल. ते कपाट सोमवारच्या आत उघडायला सांगा.